आधी आकार, मग सरासरी: ३५ जिल्ह्यांच्या लोकसंख्येवर सांख्यिकीची सुरुवात

आकड्यांचा रकाना समोर आला की बहुतेक जण आधी सरासरी काढतात आणि वाटलंच तर शेवटी एखादा आलेख जोडतात. हा क्रम उलटा करायला हवा. आकडे कसे पसरलेत ते डोळ्यांनी पाहिल्याशिवाय सरासरी घ्यावी की मध्यक, प्रमाण विचलन सांगावं की चतुर्थक (या शब्दांचे अर्थ पुढे येतात), हे ठरवताच येत नाही. ते कसं ठरवायचं हे इथे एकाच माहितीवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत करून दाखवलं आहे. कागद, पेन्सिल आणि साधं कॅल्क्युलेटर पुरेल. एक्सेल किंवा लिब्रेऑफिस असेल तर उत्तमच.

माहिती आहे २०११ च्या जनगणनेतली महाराष्ट्राची जिल्हावार लोकसंख्या. आकडे लाखांत, एका दशांश स्थळापर्यंत, मोठ्याकडून लहानाकडे:

ठाणे ११०.६, पुणे ९४.३, मुंबई उपनगर ९३.६, नाशिक ६१.१, नागपूर ४६.५, अहमदनगर ४५.४, सोलापूर ४३.२, जळगाव ४२.३, कोल्हापूर ३८.८, औरंगाबाद ३७.०, नांदेड ३३.६, मुंबई शहर ३०.९, सातारा ३०.०, अमरावती २८.९, सांगली २८.२, यवतमाळ २७.७, रायगड २६.३, बुलढाणा २५.९, बीड २५.९, लातूर २४.५, चंद्रपूर २२.०, धुळे २०.५, जालना १९.६, परभणी १८.४, अकोला १८.१, उस्मानाबाद १६.६, नंदुरबार १६.५, रत्नागिरी १६.२, गोंदिया १३.२, वर्धा १३.०, भंडारा १२.०, वाशिम १२.०, हिंगोली ११.८, गडचिरोली १०.७, सिंधुदुर्ग ८.५.

नावं त्या जनगणनेतली ठेवली आहेत. औरंगाबाद, उस्मानाबाद आणि अहमदनगर यांची नावं आता अनुक्रमे छत्रपती संभाजीनगर, धाराशिव आणि अहिल्यानगर अशी झाली आहेत. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला, म्हणून इथे जिल्हे ३५ आहेत, ३६ नाहीत. दोन वेगवेगळ्या वर्षांचे तक्ते जोडताना सगळ्यात जास्त चुका नेमक्या इथे होतात. जुनं आणि नवं नाव जुळत नाही, जिल्हा गळतो, आणि बेरीज चुकली तरी कोणाच्या लक्षात येत नाही.

मोजण्याआधीची झाडाझडती

जनगणनेच्या तक्त्यात प्रत्येक जिल्ह्याच्या तीन ओळी असतात: एकूण, ग्रामीण आणि नागरी. फिल्टर लावून फक्त ‘एकूण’च्या ओळी ठेवा. मग संपूर्ण राज्याची ओळ काढून टाका. ती राहिली तर आकडे ३६ होतात, बेरीज दुप्पट होते आणि सरासरी ३२.१ लाखांऐवजी ६२.४ लाख येते. उत्तर अगदीच अशक्य वाटत नाही, म्हणून ही चूक पचून जाते.

त्यानंतर दोन तपासण्या करा. आकडे किती आहेत ते मोजा, ३५ यायला हवेत. मग बेरीज करा. राज्याची लोकसंख्या ११,२३,७४,३३३ होती, म्हणजे ११२३.७ लाख. वरच्या यादीची बेरीज ११२३.८ येते. ०.१ चा फरक पूर्णांकनामुळे पडला आहे आणि तो चालतो. ५ किंवा १० लाखांचा फरक आला तर एखादा जिल्हा सुटला किंवा दोनदा आला असं समजा.

पीडीएफमधून आकडे उचलले असतील तर आणखी एक सापळा आहे. स्वल्पविराम किंवा मोकळी जागा सोबत आली की एक्सेल त्या आकड्याला मजकूर समजतं, आणि बेरजेचं फंक्शन मजकूर गुपचूप वगळतं. रकान्यातला एखादाच आकडा डावीकडे सरकलेला दिसला की तो मजकूर आहे हे ओळखावं. गणितासाठी अंक इंग्रजी कळफलकावरूनच भरा आणि देवनागरी अंक छापताना वापरा.

हा आकडा आहे की नुसता शिक्का?

अंकांत लिहिलेली प्रत्येक गोष्ट मोजमाप नसते. जनगणनेत नंदुरबारचा जिल्हा संकेतांक ४९७ आहे आणि सांगलीचा ५३१. यांची सरासरी काढता येते, पण तिला काहीही अर्थ नाही. पिनकोड, हजेरी क्रमांक, मोबाइल नंबर हे सगळे त्याच जातीचे. ओळखायची कसोटी सोपी आहे: दोन किमतींमधला फरक काही सांगतो का? पुणे आणि साताऱ्यातला ६४.३ लाखांचा फरक काहीतरी सांगतो, संकेतांकांमधला ३४ चा फरक काहीच सांगत नाही.

शिक्क्यांसारख्या, म्हणजे गुणात्मक, माहितीसाठी मोजणी, टक्केवारी आणि स्तंभालेख. मोजमापासाठी आयतालेख, सरासरी, मध्यक वगैरे. जिल्ह्याचा महसूल विभाग गुणात्मक, लोकसंख्या मोजमाप. दोन्हींचं काम पुढे येतं.

खोड-पान आकृती: दोन मिनिटांत आकार दिसतो

पन्नासेक आकड्यांपर्यंत हिच्याइतकं सोयीचं साधन नाही, तरी ती फार कमी लोक वापरतात. दशकाचा अंक खोड, एककाचा अंक पान, दशांश सोडून द्यायचा. सांगलीचे २८.२ म्हणजे खोड २, पान ८. ठाण्याचे ११०.६ म्हणजे खोड ११, पान ०.

० | ८
१ | ० १ २ २ ३ ३ ६ ६ ६ ८ ८ ९
२ | ० २ ४ ५ ५ ६ ७ ८ ८
३ | ० ० ३ ७ ८
४ | २ ३ ५ ६
५ |
६ | १
७ |
८ |
९ | ३ ४
१० |
११ | ०

दोन गोष्टी सांभाळा. रिकामी खोडं गाळू नका. ५, ७, ८ आणि १० च्या रिकाम्या ओळींमुळेच नाशिक एकटं पडलेलं आणि वरचे तीन जिल्हे पार दूर गेलेले दिसतात. आणि पानं सारख्या अंतरावर लिहा, कारण ओळीची लांबी हाच आलेख आहे. खाली किल्लीही लिहा: ‘२ | ८ म्हणजे २८ लाख’.

आता आकार समोर आहे. बहुतेक जिल्हे १० ते ३० लाखांत दाटलेले, पुढे लांब पातळ शेपूट, आणि शेपटाच्या टोकाला तीन जिल्हे. शेपूट मोठ्या आकड्यांकडे असेल तर त्याला उजवीकडे कललेलं वितरण म्हणतात. कलण्याची दिशा शेपटावरून ठरते, गर्दीवरून नव्हे. नवशिके इथे हमखास उलटं सांगतात.

आयतालेख आणि वर्गांतराचं राजकारण

आकडे शेकड्यांत गेले की खोड-पान पुरत नाही, मग आयतालेख काढायचा: आकड्यांचे सलग वर्ग पाडायचे आणि प्रत्येक वर्गात जितके आकडे तितक्या उंचीचा आयत काढायचा. पहिला प्रश्न असतो वर्ग किती घ्यायचे. ढोबळ नियम असा की आकड्यांच्या संख्येचं वर्गमूळ घ्या. ३५ चं वर्गमूळ ५.९, म्हणजे साधारण ६ वर्ग. विस्तार ११०.६ − ८.५ = १०२.१, भागिले ६ म्हणजे १७. पण १७-१७ लाखांचे वर्ग कोणी वाचू शकत नाही. म्हणून जवळचा सोयीचा आकडा घ्या, १० किंवा २०.

२० लाखांच्या वर्गांतराने (वर्गाच्या रुंदीने) वारंवारता, म्हणजे प्रत्येक वर्गातल्या जिल्ह्यांची संख्या, येतात १३, १४, ४, १, २, १. इथे ०–२० आणि २०–४० जवळपास सारखे दिसतात आणि १० च्या खाली जवळजवळ कोणीच नाही ही गोष्ट झाकली जाते. १० लाखांच्या वर्गांतराने येतात १, १२, ९, ५, ४, ०, १, ०, ०, २, ०, १. आकार स्पष्ट. ५ लाखांचे वर्ग केले तर सुरुवातीच्या वारंवारता होतात १, ६, ६, ३, ६, ३ आणि २०–२५ च्या जागी खळगा दिसतो. त्या खळग्याचं कारण शोधायला कोणी निघालं तर वेळ वाया जाईल. तीन-चार जिल्हे इकडचे तिकडे झाले की तो नाहीसा होतो. म्हणून निदान दोन वर्गांतरांनी काढून पाहा, आणि दोन्हींत टिकणाऱ्या गोष्टीवरच बोला.

आता साताऱ्याकडे पाहा: ३०.०. हा २०–३० मध्ये की ३०–४० मध्ये? आपल्या शालेय पुस्तकांचा रिवाज असा की वरची मर्यादा पुढच्या वर्गात जाते, म्हणून सातारा ३०–४० मध्ये. एक्सेलचा आयतालेख आणि वारंवारतेचं फंक्शन मात्र वरच्या मर्यादेएवढा आकडा खालच्याच वर्गात धरतं. तिथे ९ आणि ५ ऐवजी १० आणि ४ येतील. हाताने काढलेलं आणि संगणकाचं उत्तर जुळलं नाही तर चूक शोधण्याआधी हे तपासा. मूळ आकडा ३०,०३,७४१ भरला तर वादच उरत नाही, म्हणून वर्ग पाडताना पूर्ण आकडे वापरावेत आणि दशांश छापताना कापावेत.

आयतांमध्ये फटी ठेवायच्या नाहीत, कारण मोजपट्टी अखंड असते. फट दिसली तर तिचा अर्थ त्या वर्गात कोणीच नाही असा व्हायला हवा. आणि वर्ग असमान घेतले तर उंची बदलावी लागते. समजा शेवटचे सगळे मिळून ५०–१२० असा एकच वर्ग केला, त्यात जिल्हे ४. उंची ४ ठेवली तर रुंदी सातपट असल्याने त्या आयताचं क्षेत्रफळ २८ जिल्ह्यांएवढं होतं. डोळा क्षेत्रफळ मोजतो. उंची ४ भागिले ७, म्हणजे सुमारे ०.५७ ठेवायला हवी. हे टाळायचं तर वर्ग समानच ठेवा.

मध्य कुठे आहे?

सरासरी: ११२३.८ ÷ ३५ = ३२.१ लाख. मध्यक काढायला आकडे क्रमाने लावून मधला घ्यायचा. ३५ आकड्यांत मधला म्हणजे (३५ + १) ÷ २ = १८ वा. तो बुलढाणा, २५.९ लाख. आकडे सम असते तर मधल्या दोघांची सरासरी घेतली असती. क्रम न लावता रकान्यातला मधला आकडा उचलणं ही परीक्षेतली जुनी चूक आहे, पण कार्यालयांतही ती होते.

३२.१ आणि २५.९, सव्वासहा लाखांच्या आसपास फरक. सरासरीपेक्षा मोठे जिल्हे फक्त ११ आहेत, लहान २४. म्हणजे ‘सरासरी जिल्हा ३२ लाखांचा’ म्हटलं तर दोन-तृतीयांशांहून जास्त जिल्हे त्याच्या खाली राहतात. वरचे तीन काढून उरलेल्या ३२ जिल्ह्यांचं गणित करा: सरासरी थेट २५.८ वर येते, मध्यक मात्र २५.९ वरून २५.२ वर, म्हणजे जेमतेम सरकतो. शेपूट असलेल्या माहितीत नेहमीचा जिल्हा, नेहमीचा पगार, नेहमीची जमीन सांगायची असेल तर मध्यक घ्यावा, याचं कारण हेच.

पण सरासरी टाकाऊ नाही. तिला ३५ ने गुणलं की राज्याची लोकसंख्या परत मिळते, मध्यकाला गुणून काहीच मिळत नाही. अंदाजपत्रक, धान्यवाटप, लसींची मागणी, जिथे शेवटी एकूण रकमेशी गाठ आहे तिथे सरासरीच हवी.

बहुलक, म्हणजे सगळ्यात जास्त वेळा येणारा आकडा, इथे निरुपयोगी आहे. २५.९ आणि १२.० हे आकडे दोनदा येतात ते निव्वळ पूर्णांकनामुळे. फार तर बहुलकीय वर्ग १०–२० आहे असं म्हणता येईल. बहुलकाचा खरा उपयोग गुणात्मक माहितीत किंवा चपलांच्या मापांसारख्या ठरावीक किमतींत.

दहावीच्या पद्धतीने वर्गमध्य (वर्गाचा मधोमधचा आकडा) घेऊन सरासरी काढली तर १० लाखांच्या वर्गांतराने ३२.४ येते, २० च्या वर्गांतराने ३१.७. मध्यकाचं सूत्र १० च्या वर्गांवर २५.० देतं. जवळची उत्तरं आहेत, पण अंदाजच. मूळ आकडे हाताशी असताना हा वळसा घेऊ नका. फक्त वर्गीकृत तक्ताच मिळाला असेल तेव्हा तो कामाचा. आणि तक्त्यातला शेवटचा वर्ग ‘५० लाखांहून जास्त’ असा उघडा असेल तर सरासरी काढताच येत नाही, कारण त्याचा वर्गमध्य कोणालाच माहीत नाही. मध्यक तेव्हाही निघतो.

पसारा

नुसता मध्य सांगून भागत नाही. विस्तार १०२.१ लाख हा पहिला आकडा, पण तो केवळ ठाणे आणि सिंधुदुर्ग यांच्यावर उभा आहे. मधल्या ३३ जिल्ह्यांचं काहीही होवो, तो बदलत नाही.

चतुर्थकं, म्हणजे क्रमाने लावलेल्या यादीचे चार सारखे भाग पाडणारे आकडे, काढा. मध्यक बाजूला ठेवला की खाली १७ आणि वर १७ आकडे उरतात. खालच्या १७ मधला मधला, म्हणजे खालून नववा: नंदुरबार १६.५. वरच्या १७ मधला, म्हणजे वरून नववा: कोल्हापूर ३८.८. हे पहिलं आणि तिसरं चतुर्थक. फरक २२.३ लाख, यालाच आंतरचतुर्थक विस्तार म्हणतात. मधले निम्मे जिल्हे एवढ्या पट्ट्यात बसतात.

एक्सेलमध्ये चतुर्थकाची दोन फंक्शनं आहेत. नावाच्या शेवटी ‘ईएक्ससी’ असलेलं या यादीवर हातच्या पद्धतीचीच उत्तरं देतं, १६.५ आणि ३८.८. ‘आयएनसी’वालं मात्र १६.५५ आणि ३७.९ देतं. दोन्ही बरोबर आहेत, मधल्या जागेचा हिशेब वेगळा आहे इतकंच. अहवालात कोणती पद्धत ते एका ओळीत लिहा आणि सगळीकडे तीच वापरा.

प्रमाण विचलन म्हणजे आकडे सरासरीपासून साधारण किती दूर आहेत त्याचं माप. त्याच्या पायऱ्या अशा: प्रत्येक आकड्यातून ३२.१ वजा करा, आलेल्या फरकाचा वर्ग करा, सगळे वर्ग मिळवा, ३५ ने भागा, वर्गमूळ घ्या. उत्तर २३.९ लाख. हे ३५ जिल्हे म्हणजे राज्यातले सगळेच जिल्हे, म्हणून भाजक ३५. हेच ३५ आकडे मोठ्या समूहातून नमुना म्हणून निवडलेले असते तर ३४ ने भागलं असतं आणि उत्तर २४.३ आलं असतं. एक्सेलमध्ये फंक्शनच्या शेवटी ‘पी’ असेल तर पूर्ण समूह, ‘एस’ असेल तर नमुना.

आता या २३.९ चा उपयोग किती? सरासरीच्या दोन्ही बाजूंना एक प्रमाण विचलन घेतलं की साधारण ६८ टक्के आकडे बसतात, असं सगळ्यांनी वाचलेलं असतं. इथे ८.२ ते ५६.० हा पट्टा येतो आणि त्यात ३५ पैकी ३१ जिल्हे बसतात, म्हणजे ८९ टक्के. दोन प्रमाण विचलनं खाली गेलं तर उणे १५.७ लाख लोकसंख्या येते! ६८ टक्क्यांचा नियम घंटेच्या आकाराच्या, दोन्हीकडे सारख्या उतरणाऱ्या वितरणासाठी आहे. आपल्या वितरणाला एकाच बाजूला शेपूट आहे. वरचे तीन जिल्हे काढले की प्रमाण विचलन २३.९ वरून १२.४ वर येतं, म्हणजे जवळपास निम्मा पसारा तीन जिल्ह्यांनी उभा केला होता. फरकांचे वर्ग करायचे म्हटल्यावर दूरचा आकडा वरचढ होणारच.

म्हणून जोड्या लक्षात ठेवा: आकार सममित असेल तर सरासरी आणि प्रमाण विचलन, शेपूट असेल तर मध्यक आणि चतुर्थकं. मध्यकासोबत प्रमाण विचलन लिहिलेले अहवाल सर्रास दिसतात. तसं करू नका.

बॉक्स प्लॉट हाताने

लागणारे पाच आकडे तयार आहेत: ८.५, १६.५, २५.९, ३८.८, ११०.६. आलेख कागदावर १ सेंमी = १० लाख अशी आडवी मोजपट्टी ० ते १२० पर्यंत आखा. १.६५ सेंमीपासून ३.८८ सेंमीपर्यंत पेटी. २.५९ वर पेटीत उभी रेघ.

मिशा, म्हणजे पेटीच्या दोन्ही बाजूंना निघणाऱ्या रेघा, कुठपर्यंत काढायच्या हे अमेरिकन सांख्यिकीतज्ज्ञ जॉन टुकी यांच्या नियमाने ठरवतात. आंतरचतुर्थक विस्ताराची दीडपट, म्हणजे ३३.४५. वरचं कुंपण ३८.८ + ३३.४५ = ७२.२५, खालचं १६.५ − ३३.४५, म्हणजे उणे. वरची मिशी कुंपणापर्यंत नव्हे, तर कुंपणाच्या आतल्या शेवटच्या प्रत्यक्ष आकड्यापर्यंत जाते: नाशिक, ६.११ सेंमी. खालची सिंधुदुर्गपर्यंत, ०.८५ सेंमी. कुंपणाबाहेरचे तिघे ठिपक्यांनी: ९.३६, ९.४३ आणि ११.०६ वर. पहिले दोन एकमेकांवर चढतात, म्हणून एक किंचित वर सरकवा आणि नावं लिहा.

आउटलायर, म्हणजे कुंपणाबाहेर पडलेला आकडा, सापडला की तो काढून टाकायचा, हा समज कुठून रुजला कोण जाणे. आधी दोन गोष्टी विचारा. टंकनाची चूक आहे का? सिंधुदुर्गचे ८.५ ऐवजी कोणी ८५ लिहिले असते तर तोही कुंपणाबाहेर पडला असता. ती चूक, ती दुरुस्त करायची. चूक नसेल तर कारण काय? २०११ च्या ठाणे जिल्ह्यात कल्याण-डोंबिवली, मीरा-भाईंदर, वसई-विरार, भिवंडी आणि नवी मुंबई इतकी शहरं होती. तो आकडा खराच आहे, आणि राज्याच्या नागरीकरणाबद्दल सगळ्यात जास्त तोच सांगतो. काढलात तर ते स्पष्ट लिहा आणि दोन्ही उत्तरं द्या.

शिवाय आउटलायर कोण ठरतो हे एकक कोणतं घेतलं त्यावरही आहे. मुंबई शहर ३०.९ लाखांवर यादीच्या मधल्या गर्दीत बसलेलं दिसतं. शहर आणि उपनगर पूर्ण आकड्यांनी एकत्र मोजले तर १२४.४ लाख होतात आणि ठाणं दुसऱ्या क्रमांकावर जातं.

दोन गट शेजारी ठेवून पाहताना आकडे कमी असतील तर बॉक्स प्लॉटऐवजी साधे ठिपके बरे. विदर्भाचे ११ जिल्हे मिळून २३०.१ लाख, मराठवाड्याचे ८ मिळून १८७.३ लाख. एकूण विदर्भ मोठा, पण मध्यक जिल्हा विदर्भात १८.१ लाख (अकोला) आणि मराठवाड्यात २२.१ लाख. दोन्ही विधानं खरी आहेत. प्रश्न कोणता विचारलाय ते पाहून एक निवडा.

प्रमाणांची सरासरी काढू नका

हा सापळा वेगळा सांगायला हवा. २०११ मध्ये दर हजार पुरुषांमागे स्त्रियांची संख्या ठाण्यात ८८६ होती, रत्नागिरीत ११२२. दोन्ही जिल्हे मिळून किती? बेरीज करून दोनने भागलं तर १००४, म्हणजे स्त्रिया जास्त. आता माणसं मोजा. ठाण्यात पुरुष ५८,६५,०७८ आणि स्त्रिया ५१,९५,०७०. रत्नागिरीत पुरुष ७,६१,१२१ आणि स्त्रिया ८,५३,९४८. एकत्र स्त्रिया ६०,४९,०१८ भागिले पुरुष ६६,२६,१९९, गुणिले १०००: उत्तर ९१३. निष्कर्षच उलटला. साक्षरता, उत्तीर्णांची टक्केवारी, हेक्टरी उत्पादन, घनता, सगळीकडे हाच नियम: वरची संख्या वरच्यांत मिळवा, खालची खालच्यांत, आणि शेवटी एकदाच भागा.

विभागांचा आलेख

सहा महसूल विभागांची लोकसंख्या लाखांत: कोकण २८६.०, पुणे २३४.५, औरंगाबाद १८७.३, नाशिक १८५.८, नागपूर ११७.५, अमरावती ११२.६. टक्क्यांत २५.५, २०.९, १६.७, १६.५, १०.५, १०.०. बेरीज १००.१ येते. ती १०० करण्यासाठी एखादा आकडा दाबू नका, खाली ‘पूर्णांकनामुळे बेरीज १०० नाही’ असं लिहा.

वृत्तालेखात औरंगाबाद आणि नाशिक यांच्या फाकी ओळखता येणार नाहीत, नागपूर-अमरावतीच्याही नाहीत. कोकण साधारण पाव भाग आहे, एवढंच सांगायचं असेल तर वृत्तालेख चालेल. क्रम दाखवायचा तर आडवा स्तंभालेख, मोठ्याकडून लहानाकडे. आडवा अशासाठी की मराठी नावं तिरकी न करता पूर्ण लिहिता येतात. सगळे स्तंभ एकाच रंगात ठेवा आणि त्रिमितीचा पर्याय वापरू नका.

स्तंभालेखाची मोजपट्टी शून्यापासूनच सुरू हवी. ती १८५ पासून सुरू केली तर नाशिकचा स्तंभ ०.८ आणि औरंगाबादचा २.३ लांबीचा होतो, जवळजवळ तिप्पट. प्रत्यक्ष फरक एक टक्काही नाही. ठिपक्यांच्या किंवा रेषेच्या आलेखात शून्य नसलं तरी चालतं, कारण तिथे लांबी वाचायची नसते.

वर्णन कसं लिहायचं

आकार, मध्य, पसारा, वेगळे पडलेले आकडे. प्रत्येकाला एकक आणि वर्ष जोडा. मूळ आकड्यांपेक्षा जास्तीत जास्त एकच दशांश स्थळ वाढवा. ‘सरासरी ३२.१०८५७ लाख’ लिहिल्याने अचूकता वाढत नाही. वरच्या सगळ्या कामाचा परिच्छेद असा होईल:

‘२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राच्या ३५ जिल्ह्यांच्या लोकसंख्येचं वितरण उजवीकडे कललेलं आहे. मध्यक २५.९ लाख असून मधले निम्मे जिल्हे १६.५ ते ३८.८ लाखांच्या दरम्यान आहेत. सर्वांत लहान जिल्हा सिंधुदुर्ग (८.५ लाख). ठाणे (११०.६), पुणे (९४.३) आणि मुंबई उपनगर (९३.६) हे तीन जिल्हे दीडपट कुंपणाच्या बाहेर आहेत आणि त्यांच्यामुळे सरासरी ३२.१ लाखांपर्यंत वर गेली आहे. ते वगळल्यास सरासरी २५.८ लाख येते. चतुर्थकं मध्यक वगळून काढली आहेत.’